एका संध्याकाळची नेटिव्ह

माझी कुणी स्तुती केली की माझं डोकं चालत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे जे झालं त्याचा सगळा दोष त्या माणसावर जाईल, आणि तो तेवढा मोठा माणूस नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा मला कॉलेजातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी तेहतीस वर्षं मी रत्नागिरीत इंग्रजी शिकवलं. एकटी राहते. तो साधारण चाळिशीचा, चुरगळलेला पण महागाचा सुती सदरा घातलेला, दाढी मोजून राखलेली. भाट्याच्या पुलापलीकडे चढ चढून गेलं की वर सडा लागतो, नुसता काळा कातळ. तिथे त्याच्या आजोबांची जमीन होती. आजोबांच्या हयातीत तिथे गवताशिवाय काही उगवलं नाही. आता मात्र तिथून समुद्र दिसतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. नातवाने चिऱ्याच्या सहा खोल्या बांधल्या, भिंतींना गिलावा केला नाही, वर कौलं घातली आणि कौलांखाली एसी बसवले. त्या जागेच्या नावात ‘नेटिव्ह’ हा शब्द होता. नावाचा बाकीचा भाग मी सोडून देते.

“मॅम,” तो म्हणाला, “रत्नागिरीत इंग्लिश म्हणजे तुम्हीच, असं सगळे सांगतात.”

हे ‘सगळे’ कोण, असं विचारायला हवं होतं. मी चहा टाकला. वर बिस्किटंही काढली.

काम दोन प्रकारचं होतं. एक म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत ठेवायच्या पुस्तिकेचं इंग्रजी तपासायचं. ते मी दोन दिवसांत केलं. त्यात ‘ऑथेंटिक’ हा शब्द एकोणीस वेळा आला होता, मी तो दोन ठिकाणी ठेवला, त्याने छापताना परत एकोणीस केला. दुसरं काम त्याच्या मते खास माझ्यासारखीचं होतं. जेवणघराच्या भिंतीवर चौकट लावायची होती. तीत ‘नेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ, साहित्यात तो कसा कसा आलाय, असं एक पान. “लिटररी टच,” तो म्हणाला.

मी आठ दिवस त्या पानाला बसले. खरं सांगते, निवृत्तीनंतर इतके बरे दिवस मला आले नव्हते. जाडे कोश खाली काढले, त्यांवरची बुरशी पुसली. शब्द साधाच, मुळात लॅटिनमधून आलेला, जन्मण्याशी नातं असलेला. पण जुन्या इंग्लंडात जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या घरात जो जन्मला, ज्याला ती जमीन सोडून जायची मुभा नव्हती, अशा माणसालाही हाच शब्द होता. म्हणजे इथला असणं हा अभिमानाचा विषय नव्हता, ती एक प्रकारची दावण होती. पुढे कवींनी याच शब्दाला जन्मभूमीच्या मागे लावून गहिवर काढले. परदेशी जाऊन बसलेला कवी ‘माझी नेटिव्ह भूमी’ म्हणतो तेव्हा वाचकाचा गळा दाटतो. मग जहाजं निघाली आणि गोष्टींच्या पुस्तकांतला नेटिव्ह तयार झाला. किनाऱ्यावर उभा असलेला, उघडाबंब, नाव नसलेला. तो ढोल वाजवतो, ओझी वाहतो, कधी पळून जातो, कधी विष घालतो. बोलतो मात्र फक्त साहेब. आपल्याकडे नेटिव्ह पलटणी झाल्या, नेटिव्ह डॉक्टर झाले, नेटिव्ह छापखाने झाले. एखादा साहेब हाताने जेवू लागला, इथल्या बाईबरोबर राहू लागला की बाकीचे साहेब हळहळत, तो ‘नेटिव्ह झाला’ म्हणत, म्हणजे आता मेला तरी चालेल. आणि गंमत अशी की त्याच काळात, त्याच इंग्लंडात, तिथल्या किनाऱ्यावरच्या उत्तम कालवांनाही ‘नेटिव्ह’च म्हणत. जुन्या कादंबऱ्यांतले गृहस्थ खानावळीत बसून डझनभर नेटिव्ह मागवतात आणि लिंबू पिळून खातात.

हे सगळं मी लिहिलं. आपल्या मुंबईकर लोकांनी या शब्दाचं काय केलं तेही लिहिलं. त्यांना तो शब्द गावाच्या जागी चालतो. ‘गणपतीला नेटिव्हला जातोय’ असं ते सहज म्हणतात, आणि त्यात ना दावण असते ना गहिवर, असते ती फक्त एसटीची तिकिटं मिळतील का याची काळजी. शेवटी, लहानपणी शाळेच्या वाचनालयातल्या साहसकथा वाचताना मी कायम होडीत साहेबाच्या शेजारी बसलेली असायचे, आणि किनाऱ्यावर उभे असलेले ते काळे लोक म्हणजे मीच, हे कळायला मला विशी ओलांडावी लागली, असंही एक वाक्य होतं. ते मला फार आवडलं होतं.

त्याने पान उभ्या उभ्या वाचलं.

“मॅम, धिस इज व्हेरी डार्क,” तो म्हणाला. “नेटिव्ह म्हणजे गुलाम? ओझी वाहणारे? हे वाचून गेस्टच्या तोंडाची चव जाईल.”

“शब्द तसा आहे, त्याला मी काय करू?”

“थोडं पॉझिटिव्ह करू या ना.”

पंधरा दिवसांनी चौकट लागली तेव्हा तीत इंग्रजीत एकच ओळ होती. नेटिव्ह: जन्माने इथला. खाली माझं नाव, नावाआधी ‘प्रोफेसर’, आणि भोवती नारळाच्या झावळ्यांची नक्षी. ही ओळ आठवीच्या मुलानेही लिहिली असती. तरी मी चौकट काढायला लावली नाही. नाव ठळक छापलं होतं.

आता मी कुठली, ते सांगायला हवं. मी कोल्हापूरकडची. पंचगंगेच्या अलीकडे आमचं गाव. नोकरी मिळाली म्हणून घाट उतरून रत्नागिरीला आले, तेव्हा चोवीस वर्षांची होते. ज्यांच्याकडे खोली घेतली त्या घरमालकीणबाईंनी मी तोंड उघडताच विचारलं, “घाटावरच्या काय तुम्ही?” मी हो म्हणाले. त्यांनी आत वळून सुनेला सांगितलं, “घाटावरची हाय गो, तिखट जास्त खाईल.” तेहतीस वर्षांत या उत्तरात काही फरक पडला नाही. मी इथलं तांबडं पाणी प्यायले, इथल्या दोन पिढ्यांना शिकवलं, तरी भाजीवालीपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना मी घाटावरची. मागून ‘घाटी’ म्हणत, समोर ‘घाटावरच्या बाई’. लग्न केलं नाही, त्यामुळे इथली सूनही झाले नाही. आणि तिकडे गावाला गेले की भावांच्या बायका म्हणत, आल्या कोकणातल्या. पुढे भावांनी घर विकलं तेव्हा तेही म्हणायचं कुणी उरलं नाही.

माझ्या विषयातही तेच. मी एम.ए.ला पहिली आले होते. पण एकदा बाहेरच्या एका संस्थेने आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला एक तरुण पाठवला, गोरा, कुठल्याशा थंड देशातला, पदवी म्हणाल तर शेतीची. आम्ही चाळीसजण पन्नाशीच्या आसपासचे. तो आमच्या ओठांकडे बघून आमचे स्वर दुरुस्त करत होता. त्याची लायकी काय, तर तो नेटिव्ह स्पीकर. आईच्या पोटातून जी भाषा त्याला फुकट मिळाली ती आम्ही दिव्याखाली बसून कमावली होती, आणि कमावलेल्याची किंमत कमी. मी मधल्या सुट्टीनंतर परत गेले नाही. तरी प्रमाणपत्र घरपोच आलं. त्यात माझा सहभाग उत्साही असल्याचं म्हटलं होतं.

तर अशी मी. ‘जन्माने इथली’ मी कुठलीच नाही, आणि तो शब्द मला किती लागतो हे त्या चौकटवाल्याला माहीत नव्हतं. मलाही तोवर नीटसं माहीत नव्हतं.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. पाहुण्यांना संध्याकाळी गोष्टी सांगायला त्याने खालच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ ठरवले होते. ते ऐनवेळी मुलाकडे विरारला निघून गेले. त्यांना सड्यावरच्या वाऱ्याने खोकला होतो म्हणे.

“मॅम, तुम्ही बसाल का? जस्ट अर्धा तास. इथल्या आठवणी, खाडी, मासे, भुतं. तुम्ही इतकं छान बोलता.”

“मी इथली नाही,” मी म्हणाले.

“अहो, तेहतीस वर्षं म्हणजे इथल्याच. आणि गेस्टना काय कळतंय?”

पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं मी ऐकलंच नाही. कुणीतरी मला इथली म्हणालं होतं, एवढंच कानात राहिलं. म्हणणारा स्वतः अंधेरीत वाढलेला होता आणि त्याला भाट्याला भरती कधी येते हे मोबाइलमध्ये बघावं लागत होतं. तरी मी हो म्हणाले.

तालमीच्या दिवशी सड्यावर गेले आणि तिथे स्वयंपाकाला ठेवलेल्या बाई मला पहिल्यांदा भेटल्या. खाडीकाठच्या एका मोहल्ल्यातल्या. वय पन्नासच्या पुढे, सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी, हात पाण्याने पांढरे पडलेले. सगळे त्यांना भाभी म्हणत, मीही म्हणू लागले. नवरा कुवेतमध्ये एसी दुरुस्तीला होता. त्याच्याबरोबर त्या अकरा वर्षं तिथे राहिल्या आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. तिथे बरोबर मल्याळी, फिलिपिनी, इजिप्शियन बायका. त्यांच्यात वावरून भाभींचं इंग्रजी झालेलं, कामापुरतं, पण झरझर.

मी ओट्याशी उभी राहून त्यांच्याशी बोलत होते तेवढ्यात मालक दोन नऊवारी घेऊन आला. हिरवी माझ्यासाठी, जांभळी भाभींसाठी. दोन्ही शिवलेल्या, पायजम्यासारख्या चढवायच्या. बरोबर दोन नथी.

“भाभी, गेस्टसमोर हे घालायचं हं. फक्त सर्व्ह करताना. नेटिव्ह लूक.”

भाभींनी हात पुसले. साडीला हात लावला नाही. “हे आमच्यात कोन नेसत नाय,” त्या म्हणाल्या.

“माहितीये हो. पण कॉश्च्युम म्हणून. फोटोत सगळं एकसारखं दिसलं पाहिजे.”

“फोटो जेवनाचा काढा.”

“भाभी, लोक इथे नेटिव्ह एक्स्पीरियन्ससाठी पैसे देतायत.”

“म्हंजे काय?”

“म्हणजे... इथलं. जे मूळचं इथलं आहे ते.”

भाभींचा आवाज चढला नाही. “माझ्या बापाचा बाप याच खाडीत होडी घालायचा. त्याचा बापपन. आमच्या कबरी हायत तिकडे, जाऊन बगा. आन मी इथली कशी दिसायची, ते तुमी मला अंधेरीवरून येऊन सांगनार?”

तो हसला. त्याला राग येत नाही, हे त्याचं कौशल्य. “ओके, ओके. नो प्रेशर. तुम्ही आतच राहा मग. बाहेर यायची गरजच नाही.” आणि त्याने देवरूखहून एक मुलगी बोलावली. हॉटेलचा कोर्स केलेली, गोड, हसरी. जांभळी नऊवारी तिला दिली. स्वयंपाक भाभींनी करायचा, ताट त्या मुलीने न्यायचं.

मी तिथेच उभी होते. माझ्या हातात हिरवी साडी होती. आठ दिवस बसून मी ज्या शब्दाची सगळी पापं कागदावर मांडली होती, तो शब्द माझ्यासमोर, भरदुपारी, जिवंत माणसावर चालवला जात होता आणि मी नथीचा चाप तपासत होते. मी एक अक्षर बोलले नाही. भाभींनीही माझ्याकडून काही अपेक्षा केल्यासारखं दाखवलं नाही. त्या कांदा कापायला वळल्या.

उद्घाटनाला बावीस पाहुणे होते. पुण्याचे, बंगळूरचे, दोन कुटुंबं मुंबईची. संध्याकाळी साडेपाचला सूर्य समुद्राकडे उतरायला लागला तसे सगळे मोबाइल वर करून उभे राहिले आणि तो मावळेपर्यंत कुणीही सूर्याकडे थेट पाहिलं नाही. मग मालकाने मला पुढे आणलं. मी हिरव्या नऊवारीत, नाकात दाबाची नथ, केसांत अबोलीचा वळेसर. आमच्या घरात नऊवारी आईने शेवटची नेसली होती. मी उभ्या आयुष्यात नेसलेली नव्हते, आणि ही तर नेसलेलीही नव्हती, घातलेली होती. चिऱ्याच्या कट्ट्यावर मला बसवलं. शेजारी कंदील. उजेड अजून भरपूर होता.

मी बोलले. बोलणं मला येतं, तेहतीस वर्षं पोट त्यावरच भरलं. घरमालकीणबाईंकडून ऐकलेली खाडीतल्या भुताची गोष्ट सांगितली, जणू माझ्या आजोबांना ते भेटलं होतं. पोफळीच्या बागा सांगितल्या. दाभोळला कशी परदेशी गलबतं यायची ते सांगितलं, आणि तेही जणू आमचं कुणी त्यावर होतं. मध्येच मुद्दाम ‘नाय’ आणि ‘हाय’ टाकले. लोक ऐकत होते. एक बाई डोळे पुसत होत्या. त्या का रडत होत्या हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक त्यांना सुट्टीवर आल्यावर रडायचंच होतं.

त्याच बाईंनी विचारलं, “आजी, तुम्ही इथेच जन्मलात ना?”

मी म्हणाले, “हो. इथंच.”

किती सहज म्हणाले. जीभ अडखळली नाही. उलट छाती भरून आली. टाळ्या पडल्या. मी मान लववली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठमोरी बसले होते, तिथे कोण होतं ते मला दिसत नव्हतं.

मग खाणं आलं. देवरूखची मुलगी जांभळ्या नऊवारीत ताटं घेऊन फिरू लागली. छोट्या वाट्यांतून काहीतरी सुकं होतं, ओल्या खोबऱ्यातलं, मऊ, करडं. एका तरुणाने वाटी माझ्यापुढे धरली. “आजी, हे काय आहे?”

घाटावरच्या माणसाला मासा म्हटलं की मासा. शिंपल्यातल्या जीवांत मला आजही गोंधळ होतो. पण आजीला अडून चालणार नव्हतं. “तिसऱ्या,” मी म्हणाले. “आम्ही लहानपणी वाळूतून वेचून आणायचो.”

“मॅडम, नो!”

आवाज मागच्या खिडकीतून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. “दॅट इज नॉट तिसऱ्या. दॅट इज कालवं. ऑयस्टर. फ्रॉम रॉक, नॉट फ्रॉम सँड.” आणि दार उघडून भाभी बाहेरच आल्या. हातात एक शिंपला, न उघडलेला, दगडासारखा. त्या मला खोटं पाडायला आल्या नव्हत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. चुकीचं नाव त्यांना सहन झालं नव्हतं, इतकंच. शिकवताना एखादा चुकीचं स्पेलिंग फळ्यावर लिहितो तेव्हा मला व्हायचं तसं.

त्या उभ्या उभ्या सांगू लागल्या. ओहोटी लागली की खाडीतले खडक कसे उघडे पडतात, लोखंडी टोकाने कालवं कशी फोडायची, पाय कसे कापतात, कापले की काय लावायचं. कुवेतला याच जिनसेसाठी लोक हॉटेलात किती नटून जातात. त्यांच्या इंग्रजीत काळ नव्हते, विभक्ती नव्हती, आणि एकही शब्द अडत नव्हता. पाहुणे माझ्यापासून उठले आणि त्यांच्याभोवती जमले. डोळे पुसणाऱ्या बाईसुद्धा. कंदिलाशेजारी मी एकटी उरले, नथ टोचत होती.

मालकाचा चेहरा पहिल्यांदा पडला. मग त्याने पाहिलं की लोकांना मजा येतेय, आणि त्याने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ते त्याने सगळीकडे टाकलं, खाली लिहिलं, ‘आमची नेटिव्ह शेफ’. जिला आत राहायला सांगितलं होतं तिला तो आता रोज बाहेर बोलवू लागला. सलवार-कमीज चालेल म्हणाला. ओढणी मात्र थोडी रंगीत घ्या म्हणाला. भाभींनी तो महिना पुरा केला आणि काम सोडलं. आता त्या घरूनच ऑर्डरी घेतात. लग्नाचा वलीमा, बारसं, साखरपुडा, जे असेल ते.

मी परत गेले नाही. साडी धुऊन, घडी करून पाठवून दिली. त्याने मला एक आभाराचं पत्र पाठवलं, त्यात ‘ऑथेंटिक’ तीनदा होतं. जागा वर्षभर बरी चालली. मग बाजूच्या सड्यावर दुसऱ्याने पोहण्याच्या तलावासकट आठ खोल्या बांधल्या, तेव्हा याने आपली जागा लग्नाच्या आधीच्या फोटोंसाठी तासावर द्यायला सुरुवात केली. नावातला ‘नेटिव्ह’ काढून तिथे दुसरा इंग्रजी शब्द बसवला. चौकटीचं काय झालं मी विचारलं नाही.

भाभींकडे मात्र जायचं होतं, आणि जाववत नव्हतं. दोन महिने असेच काढले. शेवटी एका सकाळी रिक्षा केली आणि मोहल्ल्यात उतरले. एका पोराला विचारलं, कुवेतवाल्या भाभी कुठे राहतात. घर दुमजली, खाली पडवीत दोन फ्रीजर. भाभी सुरमई कापत होत्या. मला पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला. “बसा बाई. हात घान हायत, चा सून करील.”

मी वाट न बघता बोलून टाकलं. म्हणाले, “त्या दिवशी साडीवरून तो तुम्हाला बोलला तेव्हा मी तिथे होते. मी बोलायला हवं होतं.”

“हां. होतात तुमी,” त्या म्हणाल्या. एवढंच. माफही केलं नाही, सुनावलंही नाही. तुकडा पडला, दुसरा पडला.

“आणि मी इथली नाही. मी कोल्हापूरकडची. लोकांसमोर खोटं बोलले.”

आता त्या हसल्या. “ते सगल्यांना ठाव हाय. तुमी ‘नाय’ म्हनता तेवापन कोल्लापूरच येतं तोंडातून.” मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, “बाई, मी अकरा वर्सं तिकडं काढली. कोन विचारायचा, कुठली? मी सांगायची, बॉम्बे. रत्नागिरी कोनाला ठाव? लांब लांब सांगत बसायचा कंटाला. तर मीपन अकरा वर्सं बॉम्बेची होते. बॉम्बे धड बगितलीपन नव्हती, एअरपोर्ट सोडून.”

मला बरं वाटावं म्हणून त्या सांगत होत्या हे मला कळलं. पण दोन्ही खोटी एक नव्हती. त्यांनी प्रश्न टाळण्यासाठी जवळचं नाव सांगितलं. मी टाळीसाठी सांगितलं, आणि ज्यांची ती जागा होती त्यांना आत बसवून सांगितलं. तेहतीस वर्षं मी मुलांना शब्द जपून वापरा म्हणून सांगत आले. वर्गात ते सोपं असतं. वर्गात नथ नसते.

चहा आला, साखर जास्त होती, प्यायले. मी निघताना भाभींनी पिशवीत काहीतरी बांधून दिलं. मी पिशवी उघडून बघत होते तर त्यांनी हात धरला.

“आदी नाव सांगा,” त्या म्हणाल्या. “मग न्या.”

मी वाकून पाहिलं. काळपट, लांबट, जोडशिंपले. मी म्हणाले, “मुळे.”

भाभींनी सुनेकडे बघितलं. सून तोंडाला ओढणी लावून आत पळाली. अजूनही मला कुणी सांगितलेलं नाही ते काय होतं. शिजवले, खाल्ले, चांगले लागले.